गंगेची बाटली आणि दिवाळ्याचा नाला

बेलापूरला लागून खाडीच्या काठावर दिवाळे हे कोळी बांधवांचे जुने गाव आहे. सिडकोने नवी मुंबई वसवली ती अशाच गावांच्या शेतावर, मिठागरावर आणि खाडीवर. मूळ कोळी-आगरी बांधव शहराच्या कडेला ढकलले गेले आणि त्यांच्या गावातल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी आलेला आमचा समाज येऊन राहिला. शहर कोणी उभे केले आणि शहर कोण साफ ठेवतो, हे पाहायचे असेल तर दिवाळ्याच्या गल्लीत जावे.

अशाच एका खोलीत आमचे एक जुने वाचक राहतात. कंत्राटी सफाई कामगार आहेत. वडील बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आले आणि मुलाच्या हाती शेवटी झाडूच आला. नाला साफ करताना त्यांच्या पायात काच घुसली. गमबूट फाटलेले होते, नवे मागितले तर मुकादम म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. अंगात शुगर. जखम चिघळली. एकामागून एक गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली. शेवटी कल्चर रिपोर्ट आला. त्यात औषधांची नावे एकाखाली एक, आणि बहुतेक प्रत्येकापुढे इंग्रजी 'आर' हे एकच अक्षर. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे या जिवाणूवर हे औषध चालणार नाही. पायाची दोन बोटे काढावी लागली. तेवढ्या दिवसांचे खाडे पडले ते पगारातून गेले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून एक सीलबंद बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. गंगाजल! शेजारच्या एका सज्जनाने दिलेले. सोबत मोबाईलवर आलेला संदेशही दाखवला : गंगेच्या पाण्यात जंतू खाणारा जीव असतो, परदेशी शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले आहे, म्हणून हे पाणी जखमेवर लावा. "साहेब, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. पण यात सायन्स आहे म्हणतात. खरं काय ते तुम्ही पेपरात लिहा," असे ते म्हणाले.

आम्ही आज ते लिहीत आहोत. कारण प्रश्न एका बाटलीचा नाही. अर्धे सत्य पुढे करून पूर्ण अंधश्रद्धा गळी उतरवण्याची जी जुनी रीत या देशात आहे, तिचा हा नवा नमुना आहे. आणि त्या अर्ध्या सत्यात जे खरे आहे, ते आमच्या समाजाच्या जीवनमरणाशी संबंधित आहे, म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

खरे काय आहे? जिवाणूंना मारणारे विषाणू आहेत, हे शंभर टक्के खरे आहे. विज्ञान त्यांना बॅक्टेरियोफाज म्हणते, थोडक्यात फाज. हा विषाणू इतका लहान की एका मिलिमीटरच्या जागेत हजारो ओळीने मावतील. तो जिवाणूच्या अंगावर बसतो, आपले जनुकीय द्रव्य आत सोडतो, आत स्वतःच्या शेकडो प्रती तयार करतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. त्या प्रती पुढच्या जिवाणूंवर तुटून पडतात. माणसाच्या पेशीला तो लागत नाही. एका जातीचा फाज साधारणपणे एकाच जातीच्या जिवाणूला, त्यातल्याही ठरावीक प्रकारांनाच मारतो.

१८९६ मध्ये आग्र्यात काम करणारे अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवले की गंगा आणि यमुना या नद्यांच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो. हे का होते, ते तेव्हा कळले नव्हते. १९१५ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'हेरेल यांनी या जिवाणूमारक घटकाचा शोध लावला. फाज हे नाव द'हेरेल यांनीच दिले. त्यांना तो कुठे सापडला? कोणत्याही पवित्र नदीत नव्हे! हगवणीने आजारी पडलेल्या माणसांच्या विष्ठेत सापडला.

संदेश पाठवणारे नेमके हेच सांगत नाहीत. जिथे जिवाणू तिथे त्यांना खाणारे फाज, असा हा सरळ हिशेब आहे. जिथे घाण जास्त तिथे जिवाणू जास्त, आणि जिथे जिवाणू जास्त तिथे फाजही जास्त. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा फाज शोधायला सांडपाण्याच्या टाक्यांकडे, गटारांकडे आणि इस्पितळांच्या मोरीकडे जातात. गंगेत फाज आहेत हे तिच्या दैवीपणाचे लक्षण नसून तिच्यात जिवाणू आहेत याचा पुरावा आहे. ते मिठीत आहेत आणि आमच्या वाचकाच्या पायात काच घुसली त्या दिवाळ्याच्या नाल्यातही आहेत. मग नाल्याच्या पाण्याची बाटली भरून कोणी देव्हाऱ्यात का ठेवत नाही?

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, गंगाजलाची रोग्यांवर चाचणी घ्यावी असा प्रस्ताव केंद्राच्या जलशक्ती खात्याकडून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे गेला होता. पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून परिषदेने तो पुढे नेला नाही. २०२५ च्या प्रयागराज कुंभमेळ्यात हाच फाजचा दाखला देऊन पाणी आपोआप शुद्ध होते, असा प्रचार झाला. त्याच फेब्रुवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादापुढे ठेवलेल्या अहवालात मात्र विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंचे प्रमाण स्नानाच्या मर्यादेबाहेर असल्याचे नमूद होते. पुढे त्याच मंडळाने आकड्यांची सांख्यिकी मांडणी करून पाणी स्नानायोग्य असल्याचा दुसरा अहवाल दिला. पाणी तेच, आकडे तेच आणि निष्कर्ष मात्र दोन! यातून काय घ्यायचे ते वाचकांनी ठरवावे.

आता इतिहासातील एक तारीख आम्ही वाचकांपुढे ठेवतो. २० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागे हजारो अस्पृश्यांनी ओंजळीत घेतले. पुढे सनातन्यांनी काय केले? आमच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून गाईचे शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. त्याच १९२७ साली द'हेरेल भारतात आलेले होते. पंजाबात कॉलऱ्याची साथ होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांना फाज पाजले आणि गावच्या विहिरींतही फाज टाकले. पुढे आसामातील नौगाव भागात फाज लोकांना वाटले गेले, हबीगंज भागात तुलनेसाठी वाटले गेले नाही, आणि काही वर्षे मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या गेल्या.

एकाच देशात, एकाच वर्षी पाण्याच्या दोन शुद्धी झाल्या. एक माणसाचा जीव वाचवण्यासाठी आणि दुसरी माणसाला माणूस न मानण्यासाठी. पहिलीत चुका होत्या, पण तपासून पाहण्याची तयारी होती. दुसरीत चुकीला जागाच नव्हती, कारण ती शास्त्राज्ञा होती! ही दुसरी शुद्धी करणाऱ्यांचे वैचारिक वारस आज पहिल्या शुद्धीचे श्रेय स्वतःच्या खात्यावर जमा करू पाहत आहेत. आमचा विरोध त्याला आहे. फाजला मुळीच नाही.

मग हे औषध मागे का पडले? त्या काळी फाज नीट गाळून शुद्ध करण्याची साधने अपुरी होती, अनेक चाचण्या सदोष होत्या, आणि पुढे पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके आली. एक गोळी अनेक जिवाणूंवर चालते म्हटल्यावर एकेका जिवाणूसाठी वेगळा फाज शोधण्याचा खटाटोप कोण करणार? पश्चिमेकडील देशांनी फाज सोडून दिले. जॉर्जियाच्या तिबिलिसीत १९२३ मध्ये जॉर्ज एलियावा यांनी स्थापन केलेल्या संस्थेने मात्र ते धरून ठेवले. एलियावा यांना स्टॅलिनच्या राजवटीने १९३७ मध्ये ठार मारले, पण संस्था टिकली आणि आजही तिथे जगभरातून रोगी येतात.

आज जगाला फाजची आठवण झाली ती गरजेपोटी. प्रतिजैविकांचा वापर इतका बेदरकारपणे झाला की जिवाणूंनी त्यांना पचवून टाकले. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. या मृत्यूंचा भार गरीब देशांवर अधिक आहे, आणि गरीब देशांत तो कोणावर असेल हे सांगायला नको. एका खोलीत सहा माणसे कोण राहतात? सांडपाण्यात कोण उतरते? डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या कोण घेते आणि बरे वाटताच कोर्स अर्धा कोण सोडते? दोष त्या माणसाचा नाही. त्याला पाच दिवसांची औषधे आणि पाच दिवसांची रजा न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

फाजने काय साधले, तेही पाहू. २०१६ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे टॉम पॅटरसन हे प्राध्यापक मरणाच्या दारात होते. इजिप्तमध्ये असताना त्यांना जडलेला जिवाणू कोणत्याही औषधाला दाद देत नव्हता. सांडपाण्यातून आणि इतर ठिकाणांहून शोधलेले फाज त्यांच्या शिरेतून दिले गेले आणि ते वाचले. इंग्लंडमध्ये फुप्फुस बदललेल्या एका मुलीच्या अंगभर क्षयाच्या जिवाणूचा एक भाऊबंद पसरला होता. तिला २०१८ मध्ये दिलेल्या तीन फाजांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील कुजक्या वांग्यावर सापडलेला होता. तिच्या जखमा भरल्या आणि तिला आणखी काही वर्षे मिळाली. आपल्या देशात वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. गोपाल नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवर फाज लावून चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. लक्षात घ्या, गंगेच्या काठी राहूनही या शास्त्रज्ञांनी जखमेवर गंगाजल ओतले नाही. त्यांनी जखमेतला जिवाणू ओळखला, त्याला मारणारा नेमका फाज शोधला, वाढवला, शुद्ध केला आणि मग लावला. विज्ञान आणि बाटली यांतला फरक तो हाच.

पण चळवळीच्या वाचकाला आम्ही अर्धे सत्य सांगणार नाही. फाज हा चमत्कार नाही. युरोपात भाजलेल्या रोग्यांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फाज नेहमीच्या मलमापेक्षा मागे पडले, कारण औषध साठवणीत निष्प्रभ होत गेले होते. जिवाणू फाजलाही चकवू शकतात. भारतात फाजचे एकही औषध अजून रोग्यांसाठी रीतसर मंजूर झालेले नाही. म्हणून उद्या कोणी 'फाजचे थेंब' म्हणून बाटली विकू लागला, तर गंगेच्या बाटलीइतकाच त्याच्यावरही संशय घ्यावा.

कर्करोगाच्या बाबतीत तर अधिक सावध राहिले पाहिजे. फाज कर्करोगाच्या पेशीला मारत नाही, तो फक्त जिवाणूला मारतो. मग संबंध कुठे येतो? दिवाळ्यापासून काही किलोमीटरवर खारघरला टाटा मेमोरियलचे 'अॅक्ट्रेक' हे संशोधन केंद्र आहे. तेथील अमित दत्त यांच्या चमूने २०२२ मध्ये दाखवले की जिभेच्या कर्करोगाच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम नावाचा, मूळचा तोंडातला जिवाणू जिथे जास्त असतो, तिथे रोग गळ्याच्या गाठींत अधिक पसरलेला आढळतो आणि रोगी कमी जगतात. हाच जिवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही सापडतो, आणि तिथे त्याला फाजने मारून केमोथेरपीचा गुण वाढवण्याचे प्रयोग चीनमध्ये उंदरांवर झाले आहेत. उंदरांवर! माणसापर्यंतची वाट अजून लांब आहे. कर्करोगाच्या पेशीलाच फोडणारे विषाणू वेगळे. त्यातला एक, नागिणीच्या कुळातला विषाणू बदलून केलेला, अमेरिकेने २०१५ मध्ये त्वचेच्या एका कर्करोगासाठी मंजूर केला. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग आमच्या वस्त्यांत घर करून बसला असताना ही माहिती आशा देणारी आहे. पण आज हाती असलेला उपाय एकच आहे : तंबाखू सोडणे, आणि तोंडातली न भरणारी जखम वेळीच दाखवणे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. औषध निघेल, पण मिळेल कोणाला? पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी ही देशी उपचारपद्धत उभी केली. तिच्यातही एका विषाणूचा निरुपद्रवी केलेला सांगाडा वापरतात. २०२३ मध्ये ती मंजूर झाली. परदेशात तीन-चार कोटींना मिळणारा उपचार इथे ४०-५० लाखांच्या आसपास आला. या शास्त्रज्ञांचा आम्हाला अभिमान आहे. पण दिवाळ्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला चार कोटी आणि चाळीस लाख यांत काय फरक?

या शहराचे मॅनहोल कोण उघडते हे सर्वांना ठाऊक आहे. माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. तरी माणसे मरत राहिली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्यांच्या वारसांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मेल्यावर ३० लाख आणि जिवंतपणी फाटका गमबूट! ज्या गटारात या माणसाच्या पिढ्या गेल्या, त्याच गटारातून उद्या कंपन्या फाज गोळा करतील, त्यावर हक्क सांगतील आणि तेच औषध त्याला परवडणार नाही अशा किमतीला विकतील. हे होऊ द्यायचे का?

होऊ द्यायचे नसेल तर लढावे लागते आणि लढले तर जिंकताही येते. क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी वाढवून मागणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला आव्हान कोणी दिले होते? क्षयाच्या औषधांनी ज्यांचे कान गेले अशा दोन तरुणींनी : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. निसर्गात आढळणारा जीव नुसता शोधून काढला म्हणून त्यावर आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. ही तरतूद टिकवणे हेही आता चळवळीचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक महापालिका रुग्णालयात जखमेची आणि थुंकीची कल्चर तपासणी मोफत आणि वेळेवर झाली पाहिजे, कारण जिवाणू कोणता हे कळल्याशिवाय गोळी ठरत नाही आणि फाजही ठरत नाही. सार्वजनिक सांडपाण्यातून मिळणाऱ्या फाजांचा संग्रह सरकारी संस्थेकडे, जनतेच्या मालकीचा असला पाहिजे. हे काम परळच्या हाफकिन संस्थेने करावे. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. लस असूनही ती वेळेवर सर्वांपर्यंत पोहोचली नाही, हा त्या वर्षाचा धडा आहे. सफाई कामगाराला कायम नोकरी, पगारी आजारपणाची रजा आणि पायात धड बूट मिळाले पाहिजेत. आणि फाजच्या चाचण्या होतील तेव्हा आमच्या वस्त्यांना उंदीर समजू नये. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मममध्ये आदिवासी मुलींवर लसीचा प्रकल्प राबवताना संमतीची कशी चेष्टा झाली, ते संसदीय समितीने २०१३ मध्ये नोंदवले आहे. माहिती देऊन संमती, नुकसान झाल्यास भरपाई, आणि औषध सिद्ध झाल्यास त्याच वस्तीला ते आधी आणि मोफत, या अटी लेखी हव्यात. आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या कलमात लिहिले आहे. ती कोणाची भीक नाही.

भगवान बुद्धांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले होते. त्यांनी त्याच्यावर मंत्र टाकला नाही, त्याला कर्माचे फळही सांगितले नाही. पाणी आणले, अंग पुसले, अंथरूण बदलले. धम्माने शिकवलेली रुग्णसेवा ती हीच.

आमच्या त्या वाचकाला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. बाटलीतले पाणी जखमेला लावू नका, त्यात फाज असतील तसे जिवाणूही असतील आणि तुमच्या जखमेला ते नवे जिवाणू परवडणारे नाहीत. ड्रेसिंग चुकवू नका, शुगर तपासत राहा, गोळ्यांचा कोर्स पुरा करा. आणि रजेच्या पगारासाठी व बुटांसाठी अर्ज द्या, सोबत युनियनची माणसे न्या. ते उठले आणि बाटली मोरीत रिकामी केली. ते पाणी दिवाळ्याच्या नाल्याला मिळाले असेल आणि तिथून खाडीला. अर्ज मात्र त्यांनी आमच्यासमोरच लिहायला घेतला. त्या अर्जाचे काय झाले, ते आम्ही याच स्तंभात कळवू.